घाम, घासणं आणि दाब: व्यायामाचे कपडे निवडण्यापासून टिकवण्यापर्यंत

व्यायामाच्या कपड्यांच्या लेबलवर 'परफॉर्मन्स' आणि 'रिकव्हरी' हे दोन शब्द हमखास असतात. पण कपडा अंगात ताकद भरत नाही. त्याच्या हातात मुख्यतः तीन गोष्टी आहेत: घाम उडून जायला वाट देणं, कातडी घासली जाऊ न देणं आणि स्नायूंवर बेताचा दाब ठेवणं. वेगाच्या खेळांत चौथी येते, हवेचा किंवा पाण्याचा विरोध कमी करणं. हातातला कपडा यांतलं नेमकं कोणतं काम करणार आहे, हे आधी ठरवा. ते ठरलं की निम्मी निवड तिथेच होते, कारण एका कामासाठी उत्तम असलेला कपडा दुसऱ्या कामात बहुतेक वेळा आडवाच येतो.

घाम उडाला तरच गारवा

स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिचा जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा हालचालीत उतरतो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. ती बाहेर पडली नाही तर शरीर तापत जातं, ठोके वाढतात आणि मघापर्यंत सहज जमणारा वेग जड जायला लागतो. गरम हवेत ही उष्णता बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग म्हणजे घामाचं बाष्पीभवन. एक लिटर घाम कातडीवरून पूर्ण उडाला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतो. तोच घाम टपटप जमिनीवर गळला तर जवळजवळ काहीच नेत नाही. टी-शर्ट पिळल्यावर निघतं ते असंच पाणी: शरीराने खर्च केलेलं, पण शरीराला गारवा न दिलेलं.

कापडांमधला फरक इथूनच सुरू होतो. नेहमीच्या हवेत सुती धागा आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओल आत धरून ठेवतो, लोकर १६ टक्क्यांच्या आसपास, नायलॉन ४ टक्के, आणि पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. घामाने भिजल्यावर सुती धागा स्वतः पाणी पितो, फुगतो, जड होतो आणि वाळायला वेळ घेतो. पॉलिएस्टरचा धागा पाणी पीत नाही. पाणी धाग्यांमधल्या बारीक फटींतून केशाकर्षणाने पसरतं, मोठ्या पृष्ठभागावर पातळ होतं आणि लवकर उडतं. काही धागे तर मुद्दाम गोल न काढता खाचांचे काढतात, म्हणजे पाण्याला धावायला तेवढ्याच नाल्या मिळतात.

कापड खरंच घाम पसरवतं का, हे घरी मिनिटभरात कळतं. कपडा उलटा करून टेबलावर न ताणता पसरा आणि आतल्या बाजूवर पाण्याचा एक थेंब सोडा. चांगल्या कापडात थेंब दोन-तीन सेकंदांत सपाट होतो आणि बाटलीच्या झाकणाएवढा ओला डाग उमटतो. आता कपडा उचलून बाहेरची बाजू बघा. बाहेरचा डाग आतल्यापेक्षा मोठा असेल तर ओल कातडीपासून दूर जाते आहे. थेंब मोत्यासारखा वरच बसून राहिला तर कारणं तीन: कोऱ्या कपड्यावरचं कारखान्यातलं फिनिश, कपडे मऊ करणाऱ्या सॉफ्टनरचा थर, किंवा ते कापडच मुळात पाणी झटकणारं आहे. साध्या डिटर्जंटने एक-दोनदा धुऊन पुन्हा थेंब सोडा. पहिली दोन कारणं असतील तर फरक लगेच दिसतो. हीच चाचणी आठ-दहा धुण्यांनंतर परत करा. काही कपड्यांत हा गुण धाग्याच्या घडणीतच असतो, तर काहींत वरून लावलेल्या रसायनात, आणि रसायन धुण्यागणिक उतरत जातं.

दुसरी चाचणी वजनकाट्याची. व्यायामाआधी कोरडा टी-शर्ट स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, अंगावर कपडे न ठेवता स्वतःचं वजन करा, आणि संपल्यावर अंग पुसून दोन्ही परत करा. समजा वजन ६८ किलोवरून ६७.२ वर आलं आणि मध्ये ३०० मिलिलिटर पाणी प्यायलात, तर घाम गेला साधारण १.१ लिटर. टी-शर्ट १३० ग्रॅमचा ३१० झाला असेल तर त्यातला १८० ग्रॅम घाम कापडातच अडकला. याच हवेत, याच वेगाने, दुसरा टी-शर्ट घालून पुन्हा तोला. दोन आकडे शेजारी ठेवले की लेबलावरच्या विशेषणांची गरज उरत नाही. शिवाय तासाला आपल्याला किती घाम येतो, म्हणजे किती प्यायला हवं, याचा अंदाज फुकटात मिळतो.

मात्र एक अपेक्षा बेतात ठेवा. सुती आणि सिंथेटिक टी-शर्टची प्रयोगशाळेत तुलना केली तर शरीराच्या आतल्या तापमानात सहसा फारसा फरक सापडत नाही. जाणवणारा फरक असतो तो चिकचिक, घासणं, कपड्याचं ओझं आणि थांबल्यावर भरणारी हुडहुडी यांत. अर्ध्या तासाच्या हलक्या व्यायामाला सुती टी-शर्ट पुरेसा आहे. दीड तास पळायचं असेल, किंवा मध्ये मध्ये थांबावं लागणारा खेळ असेल, तेव्हा घाम पसरवणारं कापड आपली किंमत वसूल करतं.

हवेतच ओल ठासून भरलेली असेल तर कुठलंही कापड चमत्कार करत नाही, कारण घामाला उडून जायला हवेत जागाच नसते. अशा दिवशी कपडा कमी, पातळ आणि सैल हवा, म्हणजे हालचालीबरोबर आतली हवा भात्यासारखी बदलत राहते. आणि वेगही कमी करावा लागतो, याला कपड्याचा पर्याय नाही. उन्हाळी टी-शर्टसाठी एका चौरस मीटरला १२० ते १५० ग्रॅम वजनाचं कापड ठीक. लेबलावर हा आकडा 'जीएसएम' म्हणून असतो. २०० च्या पुढचं कापड उकाड्यात नको, ते लेगिंगसाठी बरं. अंगाला घट्ट बसणारा टी-शर्ट उन्हात घालण्याची पद्धत रूढ झाली आहे खरी, पण घट्ट कपड्याचा खरा उपयोग थंडीत, वरच्या थरांखाली घाम ओढून घेण्यासाठी आहे.

थंडीतलं गणित वेगळं. पहिला थर अंगाशी, पॉलिएस्टरचा किंवा बारीक लोकरीचा. लोकर ओली झाल्यावरही बरीच ऊब राखते. दुसरा थर हवा धरून ठेवणारा, म्हणजे फ्लीससारखा. तिसरा वारा अडवणारा. निघताना पहिली दहा मिनिटं थोडी थंडी वाजली पाहिजे. दारातच उबदार वाटत असेल तर एक थर जास्त आहे, आणि पंधरा मिनिटांत आतून भिजाल. वरच्या थराला छातीपर्यंत उघडणारी चेन असावी. चढावर उघडायची, उतारावर बंद करायची. थंडीत जास्त सांभाळायचं ते थांबल्यानंतर. ओला पहिला थर थांबल्यावर भराभर उष्णता ओढतो, म्हणून कोरडा टी-शर्ट पिशवीत सगळ्यात वर ठेवा आणि दहा मिनिटांच्या आत बदला.

उन्हाबद्दल थोडक्यात: यूपीएफ हा कापड ऊन किती अडवतं ते सांगणारा आकडा. यूपीएफ ५० म्हणजे अतिनील किरणांचा पन्नासावा भाग, म्हणजे २ टक्के, कापडातून आत येतो. पातळ पांढरा सुती टी-शर्ट यापेक्षा कितीतरी जास्त किरणं आत सोडतो, आणि भिजला की आणखी जास्त.

घाम येऊ देण्यासाठी म्हणून रबरी किंवा प्लास्टिकचे सूट घालू नका. त्यांनी कमी होतं ते वजन पाण्याचं असतं आणि पाणी प्यायल्यावर भरून येतं. मध्यंतरी मात्र घाम उडायचा मार्गच बंद झालेला असतो. १९९७ साली अमेरिकेत जेमतेम महिना-सव्वा महिन्यात तीन कॉलेज कुस्तीगीर वजन उतरवण्याच्या नादात दगावले. ते गरम जागेत, घाम बाहेर पडू न देणारे कपडे घालून व्यायाम करत होते. त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत असे सूट बंद करण्यात आले.

काचणं, सोलवटणं, फोड

कातडी कोरडी असते तेव्हा कापड सरकतं. खूप ओली असते तेव्हाही पाण्यावरून थोडं सरकतं. सगळ्यात वाईट अवस्था मधली, म्हणजे दमट. तेव्हा घर्षण सर्वांत जास्त असतं, आणि घाम वाळून राहिलेलं मीठ त्यात भर घालतं. म्हणूनच मांडीच्या आतल्या बाजूला, काखेत आणि ब्राच्या पट्टीखाली पहिल्या अर्ध्या तासात काही वाटत नाही, आणि अंघोळीचं पाणी पडलं की आग होते.

कपडा घेताना शिवणी बोटांनी चाचपा. दोन काठ एकमेकांवर सपाट ठेवून घातलेली शिवण बोटाला जेमतेम लागते. काठ आत उभे राहिलेले असतील तर ती शिवण लांब पल्ल्याला नक्की काचणार. काखेतली आणि जांघेतली शिवण बघा. दोन पायांच्या सांध्यावर चारही शिवणी एका बिंदूत आणणाऱ्या शॉर्ट्सपेक्षा मध्ये चौकोनी तुकडा, म्हणजे कळी, घातलेली शॉर्ट्स बरी. मानेमागचं लेबल कापायचं तर टोकं न ठेवता शिवण उसवून काढा. कापलेलं टोक लेबलापेक्षा जास्त टोचतं. दुकानात कपडा घालून नुसतं उभं राहू नका. खोल बसा, हात डोक्यावर न्या, जागेवर वीस पावलं पळा. सरकला, वर चढला, खाली ओढावा लागला, तर मैदानावरही तेच होईल.

लांब पळण्याआधी मांड्यांच्या आतून, काखेत आणि पुरुषांनी स्तनाग्रांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावावा. स्तनाग्रांवर चिकटपट्टीही चालते, फक्त ती कोरड्या कातडीवर, जेली न लावता. सैल, ओला, जड टी-शर्ट हजारो वेळा घासल्यावर तिथून रक्त येणं ही लांब पल्ल्याच्या शर्यतीतली नेहमीची गोष्ट आहे आणि ती पूर्ण टाळता येते.

मोज्यांकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात, आणि पाय साथ सोडतात ते बहुतेकदा त्यांच्यामुळेच. फोड नुसत्या घासण्याने येत नाही. हाड आत पुढे-मागे सरकतं आणि कातडी बुटाला धरून राहते, त्यामुळे कातडीचे थर आतल्या आत ताणले जाऊन सुटतात. उपाय त्यावरूनच सुचतो: मोजा कोरडा ठेवणारा हवा, टाचेला नीट खोबण असलेला हवा, आणि बुटाच्या आत सुरकुती न पडणारा हवा. जिथे वारंवार फोड येतात तिथे दुहेरी थराचे मोजे घालून बघा. त्यात थर एकमेकांवर सरकतात आणि कातडी वाचते. बोटांच्या मध्ये फोड येत असतील तर बोटं वेगळी असलेले मोजे. मोजा बदलला की बूट पुन्हा घालून बघा, कारण जाड मोज्याने बूट अर्ध्या मापाने लहान झाल्यासारखा होतो आणि मग नखं काळी पडतात.

सायकलच्या गादीवाल्या शॉर्ट्सबद्दल एकच पण महत्त्वाची सूचना: त्याखाली अंतर्वस्त्र घालायचं नसतं. अंतर्वस्त्राची शिवण नेमकी बसण्याच्या हाडांखाली येते, आणि ती टाळायलाच तर गादी बिनशिवणीची केलेली असते. प्रत्येक फेरीनंतर शॉर्ट्स धुवायची, आणि घरी आल्या आल्या काढायची. ओल्या गादीवर तासभर गप्पा मारत बसलं की केसांच्या मुळांशी पुटकुळ्या येतात.

स्पोर्ट्स ब्रा

हा कपडा इतर सगळ्यांपेक्षा जास्त विचाराने घ्यायचा आहे, आणि त्याचा इतिहासही फार जुना नाही. १९७७ साली अमेरिकेत व्हरमाँट विद्यापीठात लिसा लिंडाल, पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर यांनी पुरुष खेळाडूंचे दोन जॉकस्ट्रॅप, म्हणजे जांघेला आधार देणारी अंतर्वस्त्रं, एकमेकांना शिवून पहिली स्पोर्ट्स ब्रा बनवली. त्याआधी पळणाऱ्या बायकांना साध्या ब्रावरच भागवावं लागे.

पळताना स्तन फक्त वर-खाली हलत नाहीत; डावीकडे-उजवीकडे आणि पुढे-मागेही हलतात. आतून आधार देणाऱ्या ऊती नाजूक असतात. आधार कमी पडला तर दुखतं, आणि दुखणं टाळायला नकळत खांदे आवळले जातात, पाऊल आखूड पडतं. म्हणजे इथे कपड्याचा परिणाम थेट पळण्याच्या ढबीवर होतो.

ब्राचे प्रकार दोन: छातीवर सरळ दाबून धरणारी, आणि दोन वेगळे कप असलेली. लहान आकाराला आणि कमी धक्क्याच्या व्यायामाला पहिली पुरते. आकार मोठा असेल किंवा पळणं-उड्या असतील तर दुसरी, किंवा दोन्ही गुण एकत्र असलेली.

माप असं तपासा. आधाराचा मोठा भार छातीखालच्या पट्टीने उचलायचा असतो, खांद्याच्या पट्ट्यांनी नव्हे. पट्टी सगळीकडून जमिनीला समांतर हवी. पाठीवर वर चढत असेल तर ती सैल आहे. तिच्याखाली दोन बोटं जातील, मूठ जाणार नाही, इतकी घट्ट ठेवा. हूक असतील तर कोरी ब्रा सर्वांत बाहेरच्या हुकावर बसली पाहिजे, म्हणजे सैल पडत गेल्यावर आत जायला जागा राहते. कपांतून वर किंवा बाजूला मांस उतू येत असेल तर कप लहान. कापड सुरकुतत असेल तर मोठा. मग खोल श्वास घ्या. श्वास अडला तर पट्टी फारच घट्ट आहे, आणि दम लागणाऱ्या व्यायामात तो तोटा लगेच जाणवतो. खांद्यावर वळ उठत असतील तर पट्ट्या आवळून पट्टीचं काम त्यांच्याकडून करून घेतलं जातं आहे. एक माप लहान पट्टी आणि एक माप मोठा कप घालून बघा.

दाबाचे कपडे: खरा उपयोग थांबल्यानंतर

कॉम्प्रेशन मोजे, पोटऱ्यांच्या बाह्या, तंग टाइट्स यांच्याबद्दल सर्वांत जास्त दावे केले जातात, म्हणून आत काय होतं ते आधी नीट बघू.

माणूस निश्चल उभा असतो तेव्हा घोट्याजवळच्या शिरांमध्ये रक्ताचा दाब पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत चढतो, कारण पायापासून हृदयापर्यंतचा रक्ताचा सगळा स्तंभ त्यावर असतो. चालायला लागलं की पोटरीचे स्नायू आवळतात, शिरा पिळल्या जातात, झडपा रक्त मागे येऊ देत नाहीत, आणि तोच दाब २०-३० पर्यंत उतरतो. म्हणजे पोटरी हा शरीराचा दुसरा पंप आहे. पळताना हा पंप पूर्ण जोरात चालू असतो. तेव्हा बाहेरून मोज्याने दाबून त्यात भर घालायला फारशी जागा उरत नाही. व्यायाम संपवून खुर्चीत, गाडीत किंवा विमानात बसलं की पंप बंद पडतो, आणि तिथे मोजा कामाला येतो.

आजवरच्या अभ्यासांचं चित्रही याला धरूनच आहे. पळताना दाबाचे कपडे घातल्याने वेळ किंवा ऑक्सिजन वापरण्याची क्षमता सहसा बदलत नाही. व्यायामानंतर घातल्यास मात्र पुढच्या दोन-तीन दिवसांचं अंग आंबणं थोडं कमी वाटतं आणि ताकद जरा लवकर परत येते. फायदा लहान ते मध्यम म्हणावा असा. मोजा घट्ट आहे की नाही हे घालणाऱ्याला कळतंच, त्यामुळे यात मनाच्या भरवशाचा वाटा किती, हे पूर्ण वेगळं काढता येत नाही.

अंग आंबतं ते स्नायू ताणला जात असताना जोर लावावा लागतो तेव्हा: उतारावर पळणं, जिने उतरणं, वजन सावकाश खाली सोडणं. स्नायूतंतूंना बारीक इजा होते, सूज येते, आणि दुखणं २४ ते ७२ तासांत शिखरावर जातं. लॅक्टिक ॲसिडचा यात संबंध नाही. रक्तातलं लॅक्टेट तासाभरात पूर्वपदावर येतं. तेव्हा 'लॅक्टिक ॲसिड बाहेर काढणारी टाइट्स' असा दावा दिसला तर तो बाजूला ठेवा. दाबाचा कपडा मदत करतो ती सूज साठायला जागा कमी ठेवून.

आता मापाकडे. कापडाचा ताण तेवढाच असला तरी अवयव जितका बारीक तितका दाब जास्त. एकाच ताणाचा मोजा घोट्याला जास्त दाबतो, पोटरीला कमी. हे हवंच असतं, म्हणजे रक्त वरच्या दिशेने सरकतं. पण याच नियमाने नडगीच्या हाडाची धार आणि घोट्यामागची दोरीसारखी कंडरा यांवरही दाब एकवटतो, आणि तिथेच वळ उठतात. माप चुकलं की मोजा एक तर नुसता मोजा राहतो, नाही तर पोटरीवर दोरी बांधल्यासारखा होतो. त्यामुळे बुटाच्या नंबरावरून कॉम्प्रेशन मोजे कधीच घेऊ नका.

सकाळी उठल्या उठल्या, पाय सुजण्याआधी, माप घ्या. टेप घोट्याच्या हाडांच्या वर, पाय सर्वांत बारीक असतो तिथे फिरवा. मग पोटरीच्या सर्वांत जाड जागी. मग जमिनीपासून गुडघ्याच्या मागच्या घडीपर्यंत उंची. टेप कातडीला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. दोन्ही पाय मोजा, फरक असतो. तक्त्यात घोटा एका मापात आणि पोटरी दुसऱ्यात येत असेल तर घोट्याचं माप धरा आणि पोटरीला रुततो का ते घालून बघा. रुतत असेल तर दुसऱ्या कंपनीचा तक्ता बघा, प्रत्येकीचा वेगळा असतो. दाब 'मिमी पारा' या एककात दिलेला नसेल, नुसतं 'कॉम्प्रेशन' लिहिलेलं असेल, तर तो साधा तंग मोजा समजा. निरोगी माणसाने १५ ते २० मिलिमीटरपासून सुरुवात करावी. ३० च्या वरचे मोजे वैद्यकीय आहेत, ते डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नकोत.

घालायची पद्धत चुकली की चांगला मोजाही बिघडतो. मोजा टाचेपर्यंत उलटा करा, पाऊल आत घाला, टाच खोबणीत बरोबर बसवा, मगच उरलेला भाग थोडा थोडा वर सोडा. वरचा काठ धरून खेचू नका; खेचल्याने सगळं कापड वर गोळा होतं, पोटरीला दाब वाढतो आणि घोट्याला कमी पडतो, म्हणजे हवं त्याच्या बरोबर उलटं. शेवटी तळहाताने सुरकुत्या सारख्या करा. लांबी जास्त झाली म्हणून वरचा काठ दुमडायचा नाही. दुमडल्या जागी दोन थर होतात, दाब जवळजवळ दुप्पट होतो आणि गुडघ्याखाली पट्टा आवळल्यासारखं रक्त अडतं.

मोजा घातल्यावर अंगठ्याचं नख पांढरं होईपर्यंत दाबा आणि सोडा. रंग साधारण दोन सेकंदांत परतला पाहिजे. बोटं गार पडली, निळसर झाली, मुंग्या आल्या किंवा बधिर झाली तर मोजा लगेच काढा. काढल्यावर विणीचा हलका ठसा दिसला तर ठीक. खोल वळ, लाली किंवा दुखरी रेघ राहिली तर माप चुकलं.

वेळ: पाय धुऊन पुसून, व्यायाम संपल्यावर तासाभराच्या आत घाला. जड व्यायामानंतर काही तासांपासून दिवसभरापर्यंत ठेवता येतात, मध्ये काढून कातडी बघून. झोपताना पाय आणि हृदय एका पातळीत असतात, तेव्हा मोज्याची गरज कमी. अस्वस्थ वाटलं तर रात्री काढून ठेवा. प्रत्येक हलक्या व्यायामानंतर घालण्याचं कारण नाही. उतारावरचं लांब पळणं, पायांचा जड दिवस, सलग दोन दिवसांच्या स्पर्धा, व्यायामानंतरचा लांबचा प्रवास, इथे ते ठेवा. झोप, पुरेसं खाणं आणि दुसऱ्या दिवशीची हलकी हालचाल यांची जागा मोजा घेत नाही.

आपल्याला फायदा होतो का, हे एका पायावर पडताळता येतं. आंबवणाऱ्या व्यायामानंतर एकाच पायात मोजा घाला. २४, ४८ आणि ७२ तासांनी जिना उतरताना प्रत्येक पायाच्या दुखण्याला ० ते १० पैकी आकडा द्या आणि लिहून ठेवा. दोन आठवड्यांनी तोच व्यायाम करून पाय बदला. दुसऱ्या वेळी एकूण दुखणं कमीच असेल, कारण स्नायू सरावतात. तुलना दोन पायांची करायची, दोन वेळांची नाही.

पायांच्या धमन्या आकुंचन पावलेल्यांनी, मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेल्यांनी, हृदय कमजोर असलेल्यांनी आणि पायावर जखम किंवा संसर्ग असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय दाबाचे कपडे घालू नयेत. आणि एकाच पोटरीला सूज, उष्णता आणि ठणका असेल तर ते आंबणं समजून वर मोजा चढवू नका. शिरेत गुठळी झालेली असू शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

जिथे कपड्याने खरोखर वेग वाढवला

कपड्याने कामगिरी बदलल्याचं ठळक उदाहरण पोहण्यात घडलं. २००८ साली स्पीडो कंपनीचा एलझेडआर रेसर हा पोहण्याचा सूट आला, पाठोपाठ पूर्ण पॉलियुरेथेनचे, म्हणजे रबरासारख्या प्लास्टिकचे सूट आले, आणि २००९ च्या रोम जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम झाले. हे सूट शरीराला गुळगुळीत आकारात आवळत, पाण्याचा विरोध कमी करत आणि तरंगायला मदत करत. १ जानेवारी २०१० पासून त्यांवर बंदी आली; पुरुषांना बेंबीपासून गुडघ्यापर्यंत, स्त्रियांना खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, आणि तेही विणलेल्या कापडाचेच सूट, असा नियम झाला. स्नायूंची ताकद त्या सुटांनी वाढवली नव्हती, वाया जाणारी ताकद वाचवली होती. सायकलवरही तेच: सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरच्या पुढे बहुतेक जोर हवा कापण्यात जातो, तेव्हा फडफडणारं जॅकेट काढून अंगाबरोबर जर्सी घातली तर फरक पडतो. पळण्याच्या नेहमीच्या वेगाला हा हिशोब नगण्य आहे.

धुणं आणि टाकून देणं

सॉफ्टनर या कपड्यांना लावू नका. तो धाग्यांवर मेणचट थर चढवतो आणि घाम पसरवणाऱ्या फटी बुजतात. जास्त डिटर्जंटनेही तेच होतं. तो नीट निघत नाही आणि त्यात तेल-मळ साठतो. नेहमीच्या अर्ध्या डिटर्जंटने, ३० अंशांच्या पाण्यात, कपडा उलटा करून धुवा, कारण घाम आणि तेल आतल्या बाजूला असतं.

पॉलिएस्टरला कुबट वास लवकर धरतो. अंगातलं तेल या धाग्याला घट्ट चिकटतं आणि त्यावर वास निर्माण करणारे जिवाणू सुती कपड्यापेक्षा जास्त वाढतात. ओला टी-शर्ट पिशवीत रात्रभर दाबून ठेवणं हे त्याचं खरं खतपाणी. लगेच धुणं शक्य नसेल तर निदान पसरून वाळवा. वास बसलाच असेल तर डिटर्जंटच्या पाण्यात अर्धा तास भिजवून मग धुवा.

ताण देणारा धागा, म्हणजे इलॅस्टेन, १९५८ साली ड्यू पाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी शोधला. तो मूळ लांबीच्या पाचपटींहून जास्त ताणला जाऊन परत येतो, पण उष्णता आणि क्लोरीन त्याला मारतात. ड्रायर, इस्त्री आणि ब्लीच टाळा, सावलीत वाळवा. तलावातून आल्यावर पोहण्याचा कपडा लगेच साध्या पाण्यातून काढा. पिळताना पीळ देऊ नका. टॉवेलात गुंडाळून दाबा.

कॉम्प्रेशन मोजा कोरा असताना सपाट ठेवून घोट्याची रुंदी मोजा आणि कुठे तरी लिहून ठेवा. दर दोन महिन्यांनी तीच रुंदी बघा. वाढली असेल, किंवा मोजा पूर्वीसारखी झटापट न करता सहज चढायला लागला असेल, तर दाब गेला. लेगिंग उजेडासमोर ताणून धरा. गुडघ्यावर किंवा बुडाशी बारीक पांढरे केस उभे राहिल्यासारखे दिसले तर ते तुटलेले इलॅस्टेनचे धागे आहेत. ब्राची पट्टी सर्वांत आतल्या हुकावर लावूनही वर चढत असेल तर ती साध्या चालण्यालाच ठेवा आणि पळायला नवी घ्या.